मांजराला कुत्र्याचं खाणं चालतं का?

कुत्र्याच्या वाडग्यातले चार दाणे मांजरानं पळवले तर काही बिघडत नाही. एखाद्या दिवशी मांजराचं खाणं संपलं म्हणून तेच वाढलं, तरी धडधाकट, पूर्ण वाढलेल्या मांजराला फार तर पोट सैल होण्याइतका त्रास होईल. रोजचं जेवण म्हणून मात्र ते अजिबात देऊ नये. गोंधळ होतो तो इथेच. कुत्र्याच्या खाण्यात विष काही नसतं, त्यामुळे महिनोन्‌महिने ते खाणारं मांजर खेळतं, अंग चाटतं, वजनही बऱ्यापैकी राखून असतं. ‘आमच्या मनीला वर्षभर देतोय, काही झालं नाही’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. नुकसान होत असतं ते डोळ्याच्या आतल्या पडद्यात आणि हृदयाच्या स्नायूत, आणि ते बाहेरून दिसेपर्यंत बराच काळ गेलेला असतो.

लोक हे करतात त्याला कारण आहे. मोठ्या पोत्यातलं कुत्र्याचं खाणं किलोमागे बरंच स्वस्त पडतं. घरात दोन्ही प्राणी असले की दोन पाकिटं आणायचा कंटाळा येतो. सोसायटीखाली भटक्या जनावरांना खाऊ घालणारे तर बऱ्याचदा एकाच डब्यातून दोघांना वाढतात. दाण्यांचा रंग, वास, आकार इतका सारखा असतो की फरक फक्त पाकिटावरच्या चित्राचा आहे असं वाटावं.

टॉरीनचं प्रकरण

सगळ्यात मोठा फरक टॉरीन नावाच्या एका साध्या रेणूचा आहे. ते मांस, मासे आणि विशेषतः हृदयासारख्या सतत काम करणाऱ्या स्नायूंत भरपूर असतं. धान्य-डाळींत जवळपास नसतंच. कुत्र्याचं यकृत मेथिओनीन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांपासून हवं तेवढं टॉरीन स्वतः तयार करतं. मांजराच्या यकृतात हे काम करणारी एन्झाइम्स आहेत, पण इतकी मंद की गरज भागत नाही.

त्यात भर म्हणजे मांजर टॉरीन सतत गमावत असतं. चरबी पचवायला यकृत पित्ताम्लं बनवतं आणि ती कुठल्यातरी अमिनो आम्लाला जोडून आतड्यात सोडतं. माणसाचं शरीर यासाठी ग्लायसीनही वापरतं. मांजराला टॉरीनशिवाय पर्यायच नाही. त्यातलं काही परत शोषलं जातं, काही आतड्यातले जिवाणू खातात आणि काही विष्ठेवाटे निघून जातं. म्हणजे टॉरीन खर्च होणं थांबत नाही आणि अंगात त्याची निर्मिती जेमतेम. रोजच्या खाण्यातून आलं नाही की साठा हळूहळू उतरतो.

हे कळायला बरीच मांजरं खर्ची पडली. १९७५ मध्ये हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की दुधातल्या केसीन या प्रथिनावर वाढवलेल्या मांजरांच्या डोळ्यातला आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, झिजतो आणि त्यामागे टॉरीनची कमतरता असते. १९७८ मध्ये गुस्तावो अगीर्रे यांनी अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात थेट आपल्या विषयावरचाच अहवाल दिला: कुत्र्याचं खाणं खाऊन दृष्टिपटल खराब झालेली मांजरं. मग १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी आणखी मोठा धक्का दिला. हृदय फुगून, ढिलं पडून मरणाऱ्या मांजरांच्या रक्तात टॉरीन कमी होतं, आणि ते पुरवल्यावर हृदय पुन्हा नीट आकुंचन पावू लागलं. यातली मांजरं कुत्र्याचं नव्हे, बाजारातलं मांजराचंच खाणं खात होती! त्यानंतर कंपन्यांनी टॉरीनचं प्रमाण वाढवलं आणि मांजरांमधला हा हृदयविकार बघता बघता दुर्मीळ झाला. आज तो दिसला तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘याला खायला काय देता?’

आज अमेरिकेतल्या ‘आफको’ या प्राण्यांच्या खाद्याची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनुसार मांजराच्या कोरड्या खाण्यात पाणी वगळून किमान ०.१ टक्का आणि डबाबंद ओल्या खाण्यात ०.२ टक्का टॉरीन लागतं. डब्यात दुप्पट का, तर डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेनं खाण्यात असे बदल होतात की आतड्यातले जिवाणू जास्त टॉरीन फस्त करतात. कुत्र्याच्या खाण्यासाठी टॉरीनची किमान अटच नाही.

आकडे मांडून पाहा. चार किलोचं, नसबंदी झालेलं, घरात राहणारं मांजर दिवसाला साधारण ६० ग्रॅम कोरडं खाणं खातं. त्यातलं पाणी वजा जाता ५४ ग्रॅम उरतात. किमान ०.१ टक्क्यानं हिशेब केला तर दिवसाला ५४ मिलिग्रॅम टॉरीन पोटात जातं. अर्धं मांजराचं, अर्धं कुत्र्याचं असं मिसळून दिलं तर ते २७ वर येऊ शकतं. चांगल्या कंपन्या किमान प्रमाणापेक्षा जास्त टॉरीन घालतात हे खरं, पण नेमकं किती ते पाकिटावर क्वचितच असतं. ‘निम्मं-निम्मं देतो, म्हणजे चालेल’ हा दुधाची तहान ताकावर भागवण्याचा प्रकार आहे.

काही कुत्र्यांच्या पाकिटांवर हल्ली टॉरीन घातल्याचं लिहिलेलं असतं, कारण गोल्डन रिट्रीव्हरसारख्या काही जातींत कुत्र्यांनाही ते कमी पडू शकतं. तेवढ्यानं ते मांजराचं खाणं होत नाही. बाकीचा हिशेब उरतोच.

प्रथिनं, आणि पाकीट वाचायची रीत

कमी प्रथिनांचं जेवण आलं की कुत्र्याचं यकृत प्रथिनं जाळण्याचा वेग कमी करतं. मांजराचं यकृत तो वेग फारसा कमी करूच शकत नाही. खाण्यातून आलं नाही तर अंगातला स्नायू तोडून जाळतं. म्हणून आफकोच्या मानकांत, पाणी वगळून, मोठ्या कुत्र्याला किमान १८ टक्के आणि मोठ्या मांजराला किमान २६ टक्के प्रथिनं आहेत. पिल्लांसाठी हेच आकडे २२.५ आणि ३० आहेत. चरबी मोठ्या कुत्र्याला ५.५ टक्के पुरते, मांजराला ९ लागते.

‘पाणी वगळून’ हे शब्द सोडून दिले की लोक फसतात. पाकिटावरचे टक्के पाण्यासकट असतात. हिशेब सोपा आहे: शंभरातून ओलावा वजा करा, मग प्रथिनांच्या टक्क्यांना त्या आकड्यानं भागून शंभरनं गुणा. समजा कुत्र्याच्या पोत्यावर प्रथिनं २० टक्के आणि ओलावा १० टक्के आहे. २० भागिले ९०, म्हणजे सुमारे २२ टक्के. मोठ्या कुत्र्याला भरपूर, मांजराला कमी. शेजारी मांजराच्या ग्रेव्हीचा पाऊच घ्या. त्यावर प्रथिनं फक्त ८ टक्के, ओलावा ८२. वरवर बघून पाऊच कुचकामी वाटेल, पण ८ भागिले १८ म्हणजे ४४ टक्के झाले.

याच हिशेबानं काही हुशार मंडळी कुत्र्याच्या पिल्लांचं खाणं आणतात. त्यात प्रथिनं २८ टक्क्यांपर्यंत असू शकतात, म्हणजे मांजराची किमान रेषा पार होते. प्रथिनांचा प्रश्न सुटतो, टॉरीनचा आणि पुढे येणाऱ्या बाकीच्यांचा तसाच राहतो. आणि शाकाहारी म्हणून विकलं जाणारं कुत्र्याचं खाणं तर मांजरासाठी सगळ्यात वाईट निवड आहे.

प्रथिनांची तूट कळते ती हाताला. मांजराच्या मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवरून हात फिरवा. मणक्यांच्या दोन्ही बाजूंना भरीव पट्टे लागायला हवेत. पोट गोल दिसतंय पण पाठीवर मणके बोटांना टोचतायत, अशी अवस्था असेल तर चरबी टिकून स्नायू जातोय असं समजावं. नुसत्या वजनकाट्यावर हे लक्षात येत नाही.

बाकीच्या गोष्टी

ॲरॅकिडोनिक आम्ल हे मेदाम्ल कुत्रा वनस्पती तेलातल्या लिनोलिक आम्लापासून बनवतो. मांजराला ते पुरेसं जमत नाही, प्राण्यांच्या चरबीतूनच घ्यावं लागतं. त्वचा, गर्भधारणा आणि रक्त गोठणं यांच्याशी त्याचा संबंध आहे. नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व कुत्रा ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून काही प्रमाणात बनवतो, मांजर जवळजवळ नाहीच. म्हणून पाणी वगळून किलोभर खाण्यामागे कुत्र्याला १३.६ आणि मांजराला ६० मिलिग्रॅम अशी मानकं आहेत. थायमिन कुत्र्याला २.२५ तर मांजराला ५.६ मिलिग्रॅम लागतं.

अ जीवनसत्त्वाबद्दल मात्र कुत्र्याच्या पाकीटबंद खाण्याची बाजू घ्यायला हवी. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून मांजराला अ जीवनसत्त्व बनवता येत नाही हे खरं, पण चांगल्या पाकीटबंद खाण्यात ते तयार स्वरूपात घातलेलं असतं. तूट पडते ती कुत्र्यासाठी घरी शिजवलेल्या भात-गाजर-चिकनच्या खिचडीत. त्या खिचडीत कांदा किंवा लसूण असेल तर ती मांजरासमोर ठेवूच नये, दोन्हींमुळे मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. कुत्र्यालाही ते देऊ नयेच, पण मांजर त्याला जास्त हळवं आहे.

लघवीचं गणित वेगळं आहे. मांजराचं खाणं बनवताना खनिजं आणि लघवीची आम्लता यांचा विचार केलेला असतो, खडे होऊ नयेत म्हणून. कुत्र्याचं खाणं त्या हिशेबानं बनत नाही. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय, थेंब-थेंबच होतेय किंवा काहीच होत नाही, तर ती त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायची गोष्ट आहे. मूत्रमार्ग बंद झालेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो, मग खाणं कुठलंही असो.

आणि कुत्र्याचे मऊसर, ओलसर राहणारे खाऊ. त्यांचा ओलावा टिकवायला काही वेळा प्रॉपिलीन ग्लायकॉल हे रसायन वापरतात. कुत्र्याला ते चालतं. मांजराच्या तांबड्या पेशींवर त्याचा वाईट परिणाम होतो, म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं, १९९६ मध्ये मांजराच्या खाण्यात ते वापरायला मनाई केली. कोरड्या दाण्यांपेक्षा या मऊ तुकड्यांवर लक्ष ठेवा. मांजराला तेच जास्त आवडतात.

खाणं संपलंय, दुकान बंद आहे

पूर्ण वाढलेल्या, निरोगी मांजराला एखाद्या जेवणापुरतं कुत्र्याचं कोरडं खाणं दिलं तर घाबरू नका. पण घरात चिकन किंवा अंडी असतील तर तीच बरी. मीठ-मसाला न घालता चिकन शिजवायचं, हाडं काढायची आणि बारीक तुकडे करायचे. छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा तंगडीचं गडद मांस घ्या, त्यात टॉरीन जास्त असतं. शिजवताना टॉरीन पाण्यात उतरतं, म्हणून पाणी कमी घाला आणि तेही थंड करून सोबत द्या. चार किलोच्या मांजराला दिवसाला २०० ते २४० किलोकॅलरी लागतात, त्या हिशेबानं शिजवलेलं १०० ते १२० ग्रॅम चिकन चार वेळांत विभागून पुरतं. हा एक-दोन दिवसांचा उपाय आहे. नुसत्या मांसात कॅल्शियम जवळपास नसतं, त्यामुळे आठवडेच्या आठवडे तेच दिलं तर हाडं कमजोर होतात.

दूध-पोळी किंवा दूध-भात हा आपल्याकडचा जुना उपाय इथे उपयोगाचा नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, आणि पोळीतून मांजराला हवं ते जवळपास काहीच मिळत नाही.

पिल्लं, गाभण मांजरी आणि पिल्लांना पाजणाऱ्या मांजरी यांना मात्र ही सवलत देऊ नये. त्यांची गरज सगळ्यात जास्त असते. टॉरीन कमी पडलेल्या मांजरीची पिल्लं मेलेली जन्मतात किंवा खुरटतात.

चोरून खाल्लेल्या दाण्यांची मर्यादा ठरवायचीच असेल तर दिवसभराच्या उष्मांकाच्या १० टक्के धरा. साधारण ३५० किलोकॅलरी प्रति १०० ग्रॅमच्या कुत्र्याच्या दाण्यांत ते ६ ग्रॅम होतात, पोहे खायच्या चमच्यानं एक भरलेला चमचा.

सवय मोडताना

कुत्र्याच्या खाण्यावर रुळलेल्या मांजरापुढून ते एकदम काढून घेऊ नका. मांजर हट्टी असतं, नवं खाणं न शिवता उपाशी बसतं, आणि मांजराचा उपास कुत्र्याच्या उपासासारखा नसतो. दोन-तीन दिवस पोटात काही नसेल तर अंगातली चरबी यकृतात येऊन साचते आणि यकृत काम करेनासं होतं. लठ्ठ मांजरांत हे जास्त घडतं आणि यातून ती मरतातही. ‘भूक लागली की खाईल’ हा सल्ला मांजराच्या बाबतीत धोक्याचा आहे.

बदल सात ते दहा दिवसांत करा. पहिले दोन-तीन दिवस एक चतुर्थांश मांजराचं आणि बाकी जुनं, मग निम्मं-निम्मं, मग तीन चतुर्थांश. दाणे वेचून खात असेल तर दोन्ही थोड्या कोमट पाण्यात मऊ करून कालवा. ओलं खाणं फ्रिजमधून काढून तसंच ठेवू नका. पाऊच गरम पाण्यात बुडवून अंगाइतकं कोमट करा, वास सुटतो आणि मांजर येतं. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर मागच्या पायरीवर या आणि डॉक्टरांना फोन करा.

नवं पाकीट घेताना ते मांजरासाठी आहे का आणि त्यावर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असं, वयोगटासह, लिहिलंय का ते बघा. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ लिहिलेलं खाणं मांजराचं असलं तरी पूर्ण जेवण नसतं. ट्यूबमधून चाटायची क्रीम बहुधा याच गटात येते.

एका घरात दोघं

कुत्र्याचा वाडगा दिवसभर भरलेला ठेवणं बंद करा. दिवसातून दोनदा वाढा आणि पंधरा-वीस मिनिटांनी उचला. मांजराचं खाणं फ्रिजच्या किंवा कपाटाच्या वर, जिथे ते उडी मारून जाईल पण कुत्रा पोचणार नाही. म्हातारं मांजर उडी मारू शकत नसेल तर दाराला साखळी लावून फट इतकीच ठेवा की मांजर आत जाईल आणि कुत्रा बाहेर राहील. खाण्याच्या विषयाबाहेरचं पण इथेच सांगायला हवं: कुत्र्याच्या मानेवर टाकायचं गोचिडाचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या काहींत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि ते मांजराचा जीव घेऊ शकतं. कुत्र्याला लावल्यावरही ते वाळेपर्यंत मांजराला त्याच्याशी अंग घासू देऊ नका.

भटक्या मांजरांना खाऊ घालणाऱ्यांचं बजेट तुटपुंजं असतं. तरीही कुत्र्याच्या पोत्यातलं भरपूर देण्यापेक्षा मांजराचं थोडं कमी द्या आणि वर चिकनवाल्याकडचं काही शिजवून घाला, हे बरं. कलेजीला चिकटून येणारी छोटी हृदयं वेगळी काढून घ्या, टॉरीनसाठी त्यांच्याइतकं स्वस्त काही नाही. कलेजी मात्र आठवड्यातून एक-दोनदा, मांजरामागे चमचाभर. रोज कलेजी खाणाऱ्या मांजरांत अ जीवनसत्त्व साठून मानेचे मणके एकमेकांना जुळतात आणि मान वळेनाशी होते.

बरेच महिने देत आलो असू तर

खाणं आज बदलायला घ्या आणि मांजराला तपासायला न्या, ते ठणठणीत दिसत असलं तरी. कमतरतेची लक्षणं दिसायला पाच-सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत लागू शकतात. दृष्टिपटलाची झीज मध्यभागाजवळच्या एका लंबगोल ठिपक्यापासून सुरू होते, तो डॉक्टरांना ऑफ्थॅल्मोस्कोपमधून दिसतो, मांजराच्या वागण्यात मात्र काहीच फरक नसतो. झीज पसरल्यावर भर उजेडातही बाहुल्या मोठ्या राहतात, उडीचा अंदाज चुकतो, हलवलेल्या खुर्चीला मांजर धडकतं. हृदयाकडून येणारे इशारे म्हणजे आळसावणं, कमी खाणं, झोपेतही श्वास जोरात चालणं. मांजर तोंड उघडून धापा टाकतंय किंवा मागचे पाय अचानक लुळे आणि गार पडलेत, तर लगेच दवाखाना गाठा.

तपासणीत हृदयाची सोनोग्राफी आणि रक्तातलं टॉरीन येतं. नुसत्या प्लाझ्मातला, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरलेल्या द्रवातला, आकडा शेवटच्या जेवणानुसार वर-खाली होतो, म्हणून पूर्ण रक्तातलं टॉरीनही मोजतात. कमतरता असेल तर डॉक्टर सहसा २५० मिलिग्रॅम टॉरीन दिवसातून दोनदा सुरू करतात. मांजर दोन-तीन आठवड्यांत तरतरीत होऊ लागतं, सोनोग्राफीत हृदय सुधारलेलं दिसायला काही महिने लागतात. दृष्टिपटलाचा गेलेला भाग परत येत नाही, पुढची झीज तेवढी थांबते. डब्यावर टॉरीन लिहिलेलं असतं म्हणून एनर्जी ड्रिंक पाजायची कल्पना कुणी सुचवली तर ऐकू नका. त्यातलं कॅफीन मांजराला विषारी आहे.

उलट बाजूनं, कुत्र्यानं मांजराचं खाणं खाल्लं तर कमतरतेचा प्रश्न येत नाही. ते जास्त चरबीचं असतं, म्हणून एकदा खाल्लं तर जुलाब, रोज खाल्लं तर लठ्ठपणा. कुत्र्यानं भरपूर खाल्लं आणि नंतर वारंवार उलट्या, पोट दुखल्यासारखं पाठ वाकवून उभं राहणं असं दिसलं, तर स्वादुपिंडाला सूज आली असू शकते. अशा वेळी घरी उपास घालून वाट बघत बसू नका.